घराचं तोंड

आपल्या बापाबद्दल लिहायला बसलेली माणसं त्याने घर कसं बांधलं ते सांगतात. माझ्या बाने बांधलेलं, नीट चाललेलं, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेलं घर उलटं फिरवलं, आणि तेही एका रस्त्यापायी. त्या फिरवाफिरवीत माझं लग्न मोडता मोडता राहिलं, म्हणून ही हकिगत सांगायचा पहिला हक्क माझा आहे. माझ्या धाकट्या बहिणी ती वेगळी सांगतात. सांगोत बापड्या. त्या तेव्हा चिंचा खात होत्या.

आमचं घर उत्तनला, दर्यापासून हाकेच्या अंतरावर. कोळ्याचं घर, म्हणून तोंड दर्याकडे. ओटा तिकडे, पुढचं दार तिकडे, आणि दारातून आत पाऊल टाकलं की समोर अल्तार, म्हणजे येशूचा आणि संतांचा देव्हारा. होड्या परत यायच्या वेळी आय ओट्यावर उभी राहून कपाळावर हात धरून पाही आणि बाचं शीड ओळखलं की चुलीकडे वळे. चूल घराच्या मागच्या अंगाला. चुलीपलीकडे एक बुटकं दार, आणि त्या दाराबाहेरच्या परसात जगाला दाखवायचं नाही ते सगळं: मोरी, डुकरांचं खुराडं, खतासाठी साठवलेला कुजक्या मासळीचा ढीग, आणि एक विहीर. विहीर मात्र लपवण्यासारखी नव्हती. आजूबाजूच्या सगळ्या विहिरी मचूळ असताना आमची एकटीच गोड्या पाण्याची होती. खुराड्यात आयची लाडकी काळी डुकरीण असे. तिचा एक कान कुत्र्याने तोडला होता, आणि तेव्हापासून ती उरलेल्या कानानेही कुणाचं ऐकत नसे.

त्या काळी उत्तनला रस्ता म्हणून नव्हता. भाईंदर स्टेशनला जायचं तर डोंगरी, मोर्वा, राई, मुर्धा अशी गावं ओलांडत, शेतांच्या आणि मिठागरांच्या बांधांवरून चालायचं. आमच्या बायका डोक्यावर मासळीची पाटी घेऊन त्या बांधांवरून पळत जायच्या आणि वर भांडतही जायच्या. बाहेरच्या माणसाला ते जमत नसे, आणि नेमकं तिथेच माझं पहिलं घोडं अडलं.

मला पाहायला माहीमहून पाहुणे आले होते. मुलगा कारकून. त्याच्याबरोबर त्याची आत्या होती, आणि तिच्या पायांत उंच टाचेचे बूट. मुर्ध्याच्या अलीकडे कुठेतरी तिचा पाय बांधावरून घसरून चिखलात गेला. पाय वर आला, बूट राहिला. ती एका बुटाने उत्तनला पोचली, एका बुटाने आमच्याकडे तांदळाचे पोळे आणि मटण जेवली, आणि एका बुटाने परत गेली. आठवड्याने निरोप आला: मुलगी चांगली आहे, माणसं चांगली आहेत, पण जिथे जायला वाट नाही तिथे सोयरीक नको.

बाला तो निरोप फार लागला. मलाही लागला, पण मला कारकून फारसा आवडला नव्हता. तो जेवताना प्रत्येक घास उचलून वास घेत होता. बाचं तसं नव्हतं. त्याच्या मते नकार मुलीला मिळाला नव्हता, गावाला मिळाला होता. दुसऱ्या दिवशी ओहोटी बघून तो गेला, चिखलात हात घालून तो बूट शोधून काढला, धुतला, आणि घरात खिळ्याला टांगला. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो बोट दाखवून सांगायचा, "ह्यो बूट बगा. हेच्यापायी माजी पोर घरात हाय." लग्नाच्या पोरीच्या बापाने असल्या गोष्टीची जाहिरात करू नये एवढं बाला कळत नसे. आय म्हणायची, हात दाखवून अवलक्षण.

दुसरी मोठी लढाई लागायच्या दोनेक वर्षं आधी रस्त्याची मोजणी आली. साहेबी टोप्या घातलेली दोन माणसं, मागे साखळी ओढणारे, लाल-पांढऱ्या काठ्या धरणारे. जमीन जाणार म्हणून गाव धास्तावलं. लोक त्यांना पाणीसुद्धा विचारीनात. बा मात्र शहाळी घेऊन त्यांच्या मागे मागे. "माजी काय घ्याची ती जमीन घ्या," तो म्हणायचा, "पन रस्ता दारावरून न्या." त्यातल्या थोरल्याने शहाळं पिऊन मान हलवली. बा घरी येऊन म्हणाला, काम झालं. त्या रविवारी त्याने देवळात मेणबत्तीही लावली.

खुंट्या ठोकल्या गेल्या तेव्हा खरं कळलं. दर्याकडच्या अंगाला सगळी वाळू, तिथे रस्ता टिकत नाही, म्हणून त्यांनी तो घरांच्या मागून नेला होता. आमची खुंटी मोरीला खेटून आली. बा त्या खुंटीकडे बराच वेळ पाहत उभा राहिला. देवाने त्याचं ऐकलं होतं, फक्त दार चुकलं होतं.

मग काम सुरू झालं आणि वर्षभर चाललं. घाटावरून आलेल्या बायका झाडाखाली बसून खडी फोडत. मुकादम ओरडे, त्या ऐकून न ऐकल्यासारखं करत. आधी मोठे दगड, त्यांवर खडी, तीवर मुरूम, मुरुमावर पाणी, आणि मग सगळं दाबत, धूर सोडत, सावकाश येणारा वाफेचा रोलर. जेवढा रस्ता होई तेवढाच तो पुढे येई. आज डोंगरीला शिट्टी ऐकू आली, पुढच्या महिन्यात जरा जवळून, त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी जवळून. असा पाहुणा मी जन्मात पाहिला नाही. येतोय येतोय म्हणून सांगत होता आणि पोचत नव्हता.

पोचला तो नेमका आमच्या मोरीपाशी. रोलर चालवणारा वसईकडच्या कोळीवाड्यातला, आमच्याच धर्माचा पोरगा होता. तोंड काजळीने काळं, दात तेवढे पांढरे. त्याने परसात येऊन सांगितलं की बॉयलरला गोडं पाणी लागतं, खाऱ्याने आत क्षार धरतो, आणि गावात गोडी विहीर तुमचीच आहे असं कळलं. मी म्हणाले, "मानसांना पुरत न्हाय, तुज्या त्या चुलीला कुठून देऊ?" तो म्हणाला, "मी वडतो, तू बस." मी काही बसणारी नव्हे. तो पाणी ओढत असताना मी शेजारी उभी राहून त्याला बोलत राहिले. बोलायला कारणंही पुष्कळ होती. रोलरने जमीन हादरत होती, त्यामुळे आयची खुडूक कोंबडी अंड्यांवरून उठली आणि अंडी फुकट गेली. शिट्टीमुळे एककानी डुकरीण खुराडं मोडून पळाली आणि ती मला शेतातून हाकलत आणावी लागली. मी डुकरिणीला शिव्या देत चाललेय आणि हा वर बसून, रोलर पुढे मागे, पुढे मागे करत पाहतोय. रोलरवरच्या माणसाला पळून जाता येत नाही, आणि त्याच्यापासून आपल्यालाही लपता येत नाही. दिवसभर तो तिथेच.

आमच्या घरामागचा तुकडा दाबायचा दिवस आला तेव्हा बाने खिळ्यावरचा बूट काढला, रस्त्यावर नेला आणि खडीवर ठेवला. रोलरवाल्याला म्हणाला, "हेच्यावरून ने." मुकादम हसायला लागला. रोलरवाला हसला नाही. त्याने कशाला, का, काही विचारलं नाही. दांडा ओढला आणि रोलर त्या बुटावरून नेला, मग मागे घेतला, मग पुन्हा नेला. वर मुरूम पडला, पाणी पडलं, आणि माहीमच्या आत्याचा बूट उत्तनच्या रस्त्यात कायमचा बसला. बा घरी येऊन आयला म्हणाला, "पोरगा गुनाचा हाय." त्या दिवशी तो पोटभर जेवला.

रस्ता पुरा झाला, रोलर घोडबंदरच्या बाजूला गेला. विहिरीवर मला एकदम रिकामं रिकामं वाटायला लागलं. ओरडायला डुकरीण तेवढी उरली होती. कुणी विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते, पण मला त्याची आठवण येत होती, आणि त्याचा मला भयंकर राग येत होता.

आणि मग एक दिवस डोंगरीची माझी मावशी धापा टाकत आली. रोलरवाल्याने आपल्या आईबापाकरवी तिच्याकडे विचारणा केली होती. आईबाप पंधरवड्याने रविवारी मुलगी पाहायला येतील. आय रडायला लागली, बहिणींनी चिंचा खाली टाकल्या, आणि मी पाण्याचं निमित्त करून विहिरीवर गेले. मला तो हवा होता. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, आता सांगायला हरकत नाही.

पण मी तेव्हा वीस वर्षांची घोडनवरी, पाठीला दोन बहिणी, आणि नावावर एक नकार. दुसरा नकार आला असता तर आमच्या दाराशी पुन्हा कुणी आलं नसतं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. बा दोन दिवस परसातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून परसात येरझाऱ्या घालत होता. तिसऱ्या दिवशी ताडी प्यायला आणि बोलला.

"पाव्हने रस्त्यानं येनार," तो म्हणाला. "नि येऊन काय बगनार? मोरी. खुराडं. कुजकी मासली. आपलं घर रस्त्याला पाठ करून बसलंय. पाव्हन्याला कोन पाठ दावतो?"

"मंग पुढनं या म्हनावं," आय म्हणाली.

"पुढं वालू हाय. पुन्ना बूट अडकंल."

आयने सांगून पाहिलं की ही कोळ्याची माणसं, त्यांना मासळीचा वास नवा नाही. मावशीने सांगून पाहिलं की पोराने स्वतः परस पाहिलंय, विहिरीवर महिनाभर तोच होता. बाचं एकच: पोराने पाहिलंय, त्याच्या आईबापाने पाहिलेलं नाही. शेवटी त्याने घराचं तोंड फिरवायचं ठरवलं.

घर उचलून फिरवता येत नाही, म्हणून त्याने घरातलं सगळं फिरवलं. खुराडं उचलून दर्याकडच्या ओट्याशेजारी गेलं. मासळीचा ढीग तिकडे गेला. मोरीचे दगड तिकडे गेले. परस शेणाने सारवलं, विहिरीला चुना लावला, आणि त्या बुटक्या मागच्या दाराला हिरवा रंग देऊन ते पुढचं दार झालं. अल्तार फिरवायला बाने शेजारचे चार जण बोलावले. फिरवल्यावर संतांची पाठ दर्याकडे झाली, तेव्हा मावशी म्हणाली, तुफानात होडी सापडली तर आता हे कुणाकडे बघतील? बा म्हणाला, ते संत हायत, त्यांना पाठीमागचंपन दिसतं. चूल मात्र फिरवता येईना. ती होती तिथेच, म्हणजे नव्या पुढच्या दारातून आत आलं की पहिला पाय चुलीपाशी. बा म्हणाला, पाव्हन्यांना पटकन च्या मिळंल.

आणि मग त्याने हुकूम सोडला की यापुढे दर्याकडचं दार मागचं, आणि मागच्या दाराने परक्या माणसाला आत घ्यायचं नाही. खुद्द स्वतः दर्यावरून यायचा तेव्हा जाळं खांद्यावर घेऊन सगळ्या आळीला वळसा घालून रस्त्यावर जायचा आणि हिरव्या दारातून वाकून आत यायचा. गाव हसलं. मग गाव थोडं थांबलं, आणि मग एकेकाने गुपचूप आपापली मोरी हलवायला घेतली. आठवड्याभरात आमच्या अर्ध्या आळीने दर्याला पाठ दाखवली होती.

तो रविवार उजाडला. देवळातली मिस आटोपून बा घरी आला, स्वतःच्या लग्नातला काळा कोट घातला, छत्री घेतली आणि रस्त्यावर जाऊन उभा राहिला, डोंगरीकडे तोंड करून. पाहुणे आगगाडीने भाईंदरला उतरतील आणि तिथून टांग्याने येतील असा त्याचा हिशेब. तसं कुणी कळवलेलं नव्हतं, पण ज्यांचा पोरगा रस्ते करतो ते दुसऱ्या कशाने येतील, असं तो म्हणे. मावशी हिरव्या दारात उभी. आय चुलीशी. आणि पाहुण्यांना पुढे मासळीचा वास नको म्हणून मला नव्या मागच्या अंगाला, दर्याकडे, पापलेटं साफ करायला बसवलेलं. माझं आवरायला अजून वेळ आहे असं सगळ्यांनी मला सांगितलं होतं. लुगडं वर खोचलेलं, हात कोपरापर्यंत भरलेले, आणि एककानी डुकरीण माझ्या पापलेटांवर डोळा ठेवून.

तिने एका पापलेटाला तोंड घातलं आणि मी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला उठले. मान वर केली तर वाळूतून एक बुवा आणि एक बाई वर येत होती. बुवाने विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली. बाईच्या डोक्यावर पाटी, पाटीत भलीमोठी घोळ मासळी, तिचं शेपूट बाहेर लोंबतंय. दोघं डुकरिणीकडे पाहत थांबली, एकमेकांकडे पाहिलं, आणि सरळ आमच्या ओट्याच्या दिशेने आली. मला वाटलं, कुणी मासळी विकायला आलंय.

"इकडनं न्हाय!" मी ओरडले. "पुढनं या!"

"पुढनं म्हंजे?" बाई म्हणाली.

"रस्त्याकडनं. ती पुढची बाजू. ही मागची."

"पन दर्या तर इथं हाय, बाय."

"दर्या मागं गेला," मी म्हणाले. "बानं फिरवला. आज पाव्हने यायचेत, मागच्या दारानं कुनाला घ्याचं न्हाय. त्या क्रुसापासनं वळसा घ्या, बोंबलांच्या वलांड्यांमधून जावा, मंग रस्ता लागंल."

बुवा काही बोलणार होता. बाईने त्याला कोपराने ढोसलं आणि दोघं निघाली. सुकत घातलेल्या बोंबलांच्या रांगांमधून, ती घोळ डोक्यावर घेऊन, वाळू तुडवत माझी सासू लांबच्या वाटेने गेली. मी डुकरिणीला लाथ घातली आणि पुन्हा कामाला बसले.

पुढचं मी पाहिलं नाही. ते मावशीने हिरव्या दारातून पाहिलं आणि मरेपर्यंत लोकांना सांगितलं. दोघं वळसा घालून रस्त्यावर आली ती बाच्या पाठीमागून. बाने चाहूल ऐकून अर्धी मान वळवली. घोळ पाहिली आणि म्हणाला, "आज मासली न्हाय घ्याची. जरा बाजूला व्हा. पाव्हने येतात."

दोघं बाजूला झाली. बुवाही बरोबर उभा राहून डोंगरीकडे बघायला लागला. तिघंही तशीच बघत राहिली. रस्त्यावर एक कुत्रं सोडून काही नव्हतं.

"कोन येनार?" जरा वेळाने बुवाने विचारलं.

"व्याही. वसईचे."

"कशानं?"

"टांग्यानं," बा म्हणाला. "त्यांचा पोरगा रस्ते करतो. ते काय होडीनं येतील?"

बुवाने बायकोकडे पाहिलं. बायकोने पाटी खाली उतरवली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "आमी होडीनं आयलो. हेंना चाकाच्या गाडीत उलटी व्हते."

मावशी सांगे की बाच्या हातातली छत्री तिथल्या तिथे गळून पडली. मग त्याला एकदम सगळं आठवलं, आणि तो त्या दोघांना हाताला धरून ओढतच घरात घेऊन आला. "या, या, पुढच्या दारानं या." पुढचं दार शेवटी मागचं होतं, बुटकं. बुवाचं कपाळ चौकटीवर असं आपटलं की मला पलीकडे ऐकू आलं. तो कपाळ धरून आत आला तो चुलीच्या धुरात. बाई त्याच्या मागे खोकत. घरचं झालं थोडं म्हणतात ते खोटं नाही, धुरात आयने घाबरून चहाऐवजी रश्शाचं पातेलं पुढे केलं.

काय आवाज झाला म्हणून मी दर्याकडच्या दारातून आत आले. तशीच, भरल्या हातांनी. आणि अल्तारासमोर कपाळ चोळत बसलेला तो बुवा आणि ती घोळवाली बाई पाहिली. मी ज्यांना हाकललं तेच ते. संपलं, मी मनात म्हणाले. दुसरा नकार मी माझ्या तोंडाने दिलाय, आणि या वेळी तर वाटेत बूटसुद्धा नाही की ज्याच्यावर ढकलावं.

बा भिंतीला टेकून उभा होता. त्याचा चेहरा मला बघवेना. तो म्हणाला, "माज्या पोरीनं तुमाला मागनं हाकललं असंल तर दोष तिचा न्हाय. हुकूम माजा व्हता. मना वाटलं, तुमी रस्त्यानं येनार. आमच्या दाराशी रस्त्यानं कोन आयलं न्हाय अजून." आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा मोठा माणूस, तुफानात हसणारा. मी त्याला रडताना पहिल्यांदा पाहिलं आणि मलाही रडू फुटलं, आणि हात भरलेले असल्याने डोळे पुसता येईनात.

बाई उठली. तिने आपल्या पदराने माझे डोळे पुसले. "पोरानं सांगितलं व्हतं," ती म्हणाली, "एक कान तुटलेली डुकरीन दिसंल, तेच घर. नि तिच्यावर वरडनारी पोरगी दिसंल, तीच पोरगी. डुकरीन तर होडीतनंच दिसली. मंग ही वरडली." मग बाकडे वळून म्हणाली, "व्याही, तुमी घर फिरवलं, पोरीला फिरवली न्हाय, हे बरं केलं."

बुवा कपाळ चोळत म्हणाला, "दार तेवडं वाडवा."

साखरपुडा ठरला. बाने सगळ्यांना ताडी दिली. पण मी त्याला ओळखत होते. तो खूश होता, आणि तरी मध्येच उठून हिरव्या दारातून रस्त्याकडे पाहून येत होता.

लग्नालाही वऱ्हाड होडीनेच आलं, वाजंत्र्यांसकट. बाने माझ्यासाठी भाईंदरहून टांगा मागवला होता, घोड्याच्या गळ्यात झेंडूची माळ. पण भरती कुणासाठी थांबत नाही. व्याही म्हणाले, आत्ता निघू या, नाहीतर होडी वाळूत बसेल. मी दर्याकडच्या दारातून निघाले, खुराड्यावरून. टांगा पलीकडे रस्त्यावर रिकामा उभा. माझी होडी सुटली तेव्हा बा शेवटी काळा कोट घालून एकटाच त्या टांग्यात बसला आणि डोंगरीपर्यंत जाऊन परत आला. बहिणी सांगतात, तो वाटेत लोकांना हात करत होता.

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले तेव्हा लढाई लागली होती. नवरा रोलर घेऊन दूर कुठेतरी कामावर, म्हणून सासऱ्यांनी मला होडीने आणून सोडलं. दुरूनच आमच्या घराचं दार दिसलं, खुराडं दिसलं, कपाळावर हात धरून उभी आय दिसली. मी गुडघाभर पाण्यात उडी मारून तिच्याकडे धावले. तिने मला पोटाशी धरलं आणि म्हणाली, "बा रस्त्यावर हाय. सकालपासून. मी सांगितलं, पोर दर्यानं येनार. ऐकत न्हाय."

मी ओट्यावर पाय ठेवणार होते, तो मागे घेतला. आयला गाठोडं दिलं. पायांची वाळू झटकली, लग्नात मिळालेले टाचेचे बूट गाठोड्यातून काढून घातले, आणि क्रुसापासून वळसा घेतला. वलांड्यांमधून गेले, आळीच्याही पलीकडे गेले, डोंगरीच्या बाजूला बरंच लांब, आणि मग रस्त्यावर चढून घराकडे चालत आले. बा उभा होता, माहीमचा बूट पुरला होता तिथेच. त्याने मला दुरून पाहिलं आणि लगेच छत्रीची काडी तपासायला लागला, जणू तो त्याच कामासाठी बाहेर आला होता.

"कशानं आयलीस?" मी जवळ गेल्यावर त्याने विचारलं.

"रस्त्यानं," मी म्हणाले.

त्याने खाली पाहिलं. माझं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं होतं आणि पाणी टपटप त्या मुरुमावर गळत होतं. तो जन्माचा कोळी. खारं पाणी त्याला कळत नव्हतं असं नाही.

"रस्ता बरा हाय ना?"

"बरा हाय, बा."

मग तो घराकडे वळला, आणि आयला, शेजाऱ्यांना, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "आयली गोऽ! पोर आयली! रस्त्यानं आयली!"